सौर पंप, थेट जोडणीचा

सौर पंप, थेट जोडणीचा : सौर पॅनेलची वीज बॅटरीत न साठवता सरळ डीसी (एकदिश प्रवाहाच्या) मोटरला देऊन पाणी उपसण्याची पद्धती. ऊन असेतो पंप चालतो, ढग आला की मंदावतो; साठवायचे ते पाणी, उंचावरच्या टाकीत.

उगम : सूर्यबळावर पाणी उपसण्याच्या पहिलेपणाचा मान कोणाला द्यावा याविषयी मतभेद आहेत. पॅरिसच्या १८७८ च्या प्रदर्शनात ऑगस्टँ मूशो याने सूर्यतापावरचे वाफेचे यंत्र मांडले. त्याच वर्षी मुंबईत विल्यम अ‍ॅडम्स याचा सूर्यतापावरील ग्रंथ निघाला. कुलाब्यास सपाट आरशांच्या मांडणीतून वाफ करून त्याने सुमारे अडीच अश्वशक्तीचे इंजिन चालविले होते. फ्रँक शूमन याने १९१३ मध्ये कैरोजवळच्या मादी येथे नाईलचे पाणी शेतीसाठी उपसले. ही सारी उष्णतेची यंत्रे असल्याने त्यांना प्रस्तुत पद्धतीची पूर्वपीठिका मानणेच रास्त. उन्हाची थेट वीज करणारा व्यवहारोपयोगी सिलिकॉन सौरघट अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने १९५४ मध्ये दाखविला. घटांवर चालणाऱ्या पंपाचे श्रेय बहुधा फ्रान्समधील दॉमिनिक कांपाना हिला (१९७० च्या दशकाच्या मध्यास, कॉर्सिका बेट) दिले जाते.

जुळणी : खरी अडचण सकाळची. थांबलेल्या मोटरला सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट प्रवाह लागतो, आणि पॅनेल तर आपल्या चालू प्रवाहाहून जेमतेम थोडाच अधिक देऊ शकते. ‘१२ व्होल्टचे’ म्हणून विकले जाणारे ३६ घटांचे पॅनेल मोकळे असता (त्याला काही जोडलेले नसता) २१-२२ व्होल्ट दाखविते, भर उन्हात मोटर चालविताना १७-१८ वर काम करते. कोवळ्या उन्हात मोटर जोडताच हा आकडा कोसळतो, मोटर गुरगुरते पण फिरत नाही. अपकेंद्री (फिरत्या चक्राने पाणी बाहेर फेकणाऱ्या) पंपाला आरंभी जोर कमी लागतो, म्हणून तो थेट जोडणीला मानवतो. मात्र पुरेशी गती येईपर्यंत त्याचे पाणी पाइपात अर्ध्यावर उभे राहते. पडद्याचा किंवा दट्ट्याचा पंप पहिल्या फेऱ्यापासून पूर्ण जोर मागतो. तेथे व्होल्टेज उतरवून प्रवाह वाढविणारा छोटा कंट्रोलर मध्ये घालणे बरे. त्याला थेट जोडणी म्हणावे की नाही हा वाद शब्दांचाच आहे.

दहा मीटर उंचीवर ताशी १,००० लिटर पाणी चढविण्यास निव्वळ २७ वॉट पुरतात. लहान पंपांची कार्यक्षमता निम्म्याहूनही कमी असल्याने पॅनेल ७५ ते १०० वॉटचे घ्यावे लागते.

गोव्यात : रहाट आणि मोटेची जागा विजेच्या पंपाने घेतली, सौर पंप त्याच बांयीवर (विहिरीवर) बसतो. फोंडा, सत्तरी, सांगे या भागांतील कुळागरात (माड-पोफळींच्या बागेत) सावली दाट. माडाचे एक झावळ पॅनेलच्या कोपऱ्यावर पडले तरी एकसर (एकापुढे एक) जोडलेल्या घटांची वीज बरीच घटते. म्हणून पॅनेल घराच्या कौलांवर किंवा उघड्या भरडावर (माळजमिनीवर), आणि पंप खाली बांयीत. तेथून दुसरा प्रश्न उद्भवतो: ३० मीटर अंतरावर अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत ६ अँपिअरला सुमारे २.७ व्होल्ट वाटेतच जातात. तार जाड घ्यावी, नाहीतर पॅनेले एकसर जोडून व्होल्टेज वाढवावे. सुमारे १५ अक्षांशांवर पॅनेल तितकेच दक्षिणेकडे कलते ठेवणे पुरेसे.

एप्रिल-मेमध्ये बांयीचे पाणी खोल जाते. वर ठेवलेला पंप शोषणाने साडेसहा-सात मीटरांपलीकडे व्यवहारात खेचत नाही, मग तो कठड्यावरून उतरवून पाण्याजवळ टांगतात किंवा बुडीत पंप घेतात. जांभ्याच्या मातीतील लोहामुळे चाळणीवर तांबूस गाळ बसतो, किनाऱ्याकडे खारी हवा जोड खाते. जूनमध्ये पाऊस लागला की पोफळींना पाणी सोडण्याची गरज संपते. पंप वर काढून, धुऊन, पडवीत ठेवून देतात.