दूरस्थ क्लच ब्लीडर

हायड्रॉलिक क्लचच्या स्लेव्ह सिलिंडरमधील (पेडलकडून आलेल्या द्रवाच्या दाबाने क्लच सोडवणारा सिलिंडर) हवा काढण्याचे निपल (ब्लीडर) नळी जोडून हात पोचेल अशा जागी, बहुधा बॉनेटखाली, आणण्याची व्यवस्था. कारखान्यातून निघालेल्या गाडीत ती सहसा नसते. नंतर बसवली जाते.

सिलिंडर गिअरबॉक्सच्या बाहेर असेल तर तिची गरज भासत नाही. तो बेलहाउसिंगच्या (क्लच झाकणारे गिअरबॉक्सचे पुढचे कवच) आत, इनपुट शाफ्टभोवती (इंजिनाची गती गिअरबॉक्समध्ये नेणारा दांडा) बसवला की निपलही आत जाते. चौथ्या पिढीच्या शेव्हरोले कॅमारोत हा फरक एकाच गाडीत पाहता येतो. एलटी१ इंजिनाच्या (१९९३–९७) व्ही-८ मॅन्युअल गाड्यांत सिलिंडर बाहेर आहे, एलएस१ च्या (१९९८–२००२) गाड्यांत आत. या दुसऱ्या गाडीखाली आडवे झाल्यावर निपल बेलहाउसिंगच्या छिद्रातून दिसते खरे, पण शेजारी एक्झॉस्ट पाइप असल्याने पाना जेमतेम फिरतो.

व्यवस्थेचा उगम एका निर्मात्याकडे नेता येत नाही. काही निसान गाड्यांत क्लच डँपरच्या (क्लचच्या नळीतील दाबाचे हेलकावे शमवणारा भाग) ठोकळ्यावर स्वतंत्र ब्लीडर असतो व त्याला पूर्वरूप मानण्याचा मोह होतो. मात्र तो डँपरमधील हवा काढतो, सिलिंडरमधील नव्हे. एलएस१ सारख्या गाड्यांच्या दुरुस्तीतील अडचणीतून ही सोय रुळली असावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

जोडणीसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणून क्लच प्लेट बदलतानाच हे काम उरकतात. मूळ निपलच्या जागी जोडतुकडा बसवून त्याला स्टीलच्या जाळीची टेफ्लॉन नळी जोडतात. निपल बंद असताना पेडल दाबले की या नळीवरही पूर्ण दाब येतो. साधी रबरी नळी फुगते आणि पेडलची चाल तेवढी वाया जाते. नळी फिरत्या प्रेशर प्लेटपासून (क्लच प्लेट दाबून धरणारी तबकडी) व एक्झॉस्टपासून दूर ठेवतात. पत्र्याच्या कडेतून जाते तेथे रबरी बुश घालतात. गिअरबॉक्स बसण्यापूर्वी पेडल दाबल्यास सिलिंडरचा दट्ट्या बाहेर निसटू शकतो.

वरच्या टोकाला एकदिश झडपेचे निपल लावावे की साधे, याबाबत मतभेद आहेत. झडपेमुळे एकट्याला हवा काढता येते. मात्र झडपेत कचरा अडकला किंवा आट्यांवरचे सीलंट झिजले तर हवा उलट आत येते. मदतनीस मिळत असेल तर साधेच बरे. पेडल वर येण्याआधी निपल बंद करायचे, एवढे पथ्य पाळावे लागते. आतला जोड झिरपू लागला तर मात्र गिअरबॉक्स पुन्हा उतरवण्यावाचून गत्यंतर नसते.