गंज नेमका कुठे लागतो?

एसटीच्या जुन्या लाल गाडीचं १/५० प्रमाणातलं मॉडेल पूर्ण केलं, तेव्हा खिडक्यांखाली तांबूस गंजाचे ठिपके मी अगदी जीव लावून रंगवले होते. डेपोत बॉडीच्या कामावर उमेदीची वर्षं घालवलेल्या शेजारच्या काकांनी ते हातात घेतलं, उजेडात तिरपं धरलं आणि म्हणाले, "अरे, ही बॉडी अ‍ॅल्युमिनियमची. तिला कसला गंज?"

काकांचं बरोबर होतं. हवेतल्या ऑक्सिजनशी अ‍ॅल्युमिनियमचाही संयोग होतो. पण त्या ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा पारदर्शक थर धातूला घट्ट चिकटतो आणि पुढची झीज थोपवतो. म्हणून जुन्या एसटीचा रंग खरवडला की खाली पांढुरका धातूच दिसतो. लोखंडाचं उलट. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा घेतो, फुगून रंगाला खालून उचलतो, त्याचे पापुद्रे सुटतात आणि आतलं कोरं लोखंड पुन्हा उघडं पडतं. तेव्हा गंज दाखवायचा तो बंपरवर, चाकांच्या नटांवर, चासीवर.

बंपरसाठी मला हेअरस्प्रेची पद्धत सगळ्यात आवडते. आधी गंजाचा तपकिरी रंग, तो पक्का वाळल्यावर हेअरस्प्रेचा पातळ थर, त्यावर काळा अ‍ॅक्रिलिक. पंधरा-वीस मिनिटांनी आखूड केसांचा ब्रश कोमट पाण्यात बुडवून कडांवर हलके घासायचा. हेअरस्प्रे डोक्यावरून धुऊन जावा, म्हणून त्यातलं पॉलिमर पाण्याने सुटणारं असतं. वरच्या कोवळ्या रंगातून पाणी झिरपतं, मधला थर सैल होतो आणि काळा रंग वेड्यावाकड्या कपच्यांनी निघतो. हे खरं वाटतं, कारण गंजलेल्या बंपरवरही रंग खालूनच सुटतो. फक्त हात आवरा. मॉडेलवरची १ मिलिमीटरची कपची म्हणजे खऱ्या गाडीवर ५ सेंटिमीटरचा डाग.

रिव्हेटांच्या रांगा आणि पत्र्यांचे सांधे उठावदार करायला शाळेत शिकलेलं केशाकर्षण कामी येतं. काळपट तैलरंग व्हाइट स्पिरिटमध्ये कोऱ्या चहाइतका पातळ करा आणि ब्रशचं टोक सांध्याला नुसतं टेकवा. रंग फटीतून आपला आपण धावत जातो. फट जितकी अरुंद, तितकी ओढ जास्त. त्याआधी मॉडेलवर चकचकीत वार्निश मात्र हवंच. मॅट रंगाच्या सूक्ष्म खाचांतही हीच ओढ असते, त्यामुळे तिथे द्रव पसरून डाग धरतो.

ओघळ काढताना गाडी उभी होती की धावत होती, हे आधी ठरवा. डेपोत पावसात उभ्या गाडीवरचे ओघळ सरळ खाली उतरतात. धावत्या गाडीवरचं पाणी आणि खिडकीतून थुंकलेलं पान मागच्या चाकाच्या दिशेने तिरपं जातं.

धूळ मी विकत आणत नाही. कोकणातल्या रस्त्याची धूळ लाल असते ती जांभ्यातल्या लोहाच्या ऑक्साइडांमुळे. गेरूचा रंगही लोहाच्याच ऑक्साइडचा, हेमॅटाइटचा. तैलरंगातल्या बर्न्ट सिएनाचंही तेच: पिवळसर माती भाजून तिच्यातलं पाणी घालवलं की ती तांबडी होते. म्हणजे गंज आपण त्याच्या सख्ख्या भावंडांनीच रंगवत असतो! गेरू खलात बारीक करून वस्त्रगाळ करा. ०.१ मिलिमीटरचा कण या प्रमाणात ५ मिलिमीटरचा खडा होतो.

ही पूड सगळीकडे सारखी भुरभुरू नका. चाकांमागे ती दाट हवी आणि गाडीच्या पाठीवर बाजूंपेक्षा जास्त. खोक्यासारख्या गाडीच्या मागे हवेचा प्रवाह तुटतो, तिथे कमी दाबाचे भोवरे तयार होतात आणि चाकांनी उडवलेली धूळ मागच्या काचेपर्यंत खेचली जाते. टपावर धुळीपेक्षा ऊन दाखवायचं. अतिनील किरणांनी रंगातलं बंधक द्रव्य तुटतं, रंगाची पूड मोकळी पडते. हात फिरवला तर तळव्याला लागते. टपाच्या लालमध्ये मी पांढरा घालत नाही, त्याने गुलाबी छटा येते. थोडा बदामी रंग मिसळतो.

सगळ्यात शेवटी दाराजवळची दांडी. दिवसभर शेकडो तळवे तिच्यावरून घासून जातात, त्यामुळे तिथे धूळ टिकत नाही. तिला चांदीचा हात देऊन वरून पेन्सिलीचं शिसं बोटाने चोळतो. ग्राफाइटचे पापुद्रे एकमेकांवरून सरकत आडवे बसतात आणि दांडी चकाकते.