ग्राफिक्स कार्डापर्यंत पाणी कसं पोचलं

१९९६ साली थ्रीडीएफएक्स कंपनीच्या व्हूडू चिपची, गेममधली थ्रीडी चित्रं काढणारी ग्राफिक्स कार्डं बाजारात आली तेव्हा त्यांच्यावर पंखा नव्हता, अ‍ॅल्युमिनियमचा साधा तुकडाही नव्हता. सर्किटच्या पाटीवर दोन मोठ्या काळ्या चिप उघड्या बसलेल्या, शेजारी ४ मेगाबाइट मेमरी, वेग ५० मेगाहर्ट्झ. या कार्डाला साधं टूडी चित्र दाखवताच येत नसे. त्यामुळे आधीचं कार्ड तसंच ठेवून हे बाजूच्या स्लॉटमध्ये लावायचं आणि मागून एका आखूड केबलने दोन्ही जोडायची. अपग्रेड म्हणजे तेव्हा असलेल्यात भर घालणं होतं, जुनं उपटून टाकणं नव्हे. जानेवारी २०२५ मध्ये आलेलं एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०९० एकटंच ५७५ वॉटपर्यंत वीज घेतं. घरातल्या साध्या सिलिंग फॅनचे ७५ वॉट धरले तर साडेसातहून जास्त पंखे. शिवाय पंखा निदान हवा तरी हलवतो. कार्डात गेलेली जवळपास सगळी वीज उष्णता होऊन बाहेर पडते. आज गेमिंग पीसीच्या कॅबिनेटमध्ये नळ्या, पंप आणि रेडिएटर दिसतात, त्याचं मूळ या दोन कार्डांमधल्या अंतरात आहे.

पाणी मात्र कॉम्प्युटरला नवं नव्हतं. १९६० च्या दशकातल्या आयबीएमच्या सिस्टिम/३६० मॉडेल ९१ मध्ये सर्किटांच्या फळ्यांमधून फिरणारी हवा वाटेत पाण्याच्या मदतीने थंड केली जाई. १९८० मध्ये जाहीर झालेल्या ३०८१ मध्ये आयबीएम आणखी जवळ आली. एका मॉड्यूलमध्ये शंभराच्या आसपास चिप, प्रत्येक चिपवर स्प्रिंगने दाबलेला धातूचा दट्ट्या, मधल्या फटींमध्ये हेलियम वायू आणि सगळ्यावर पाणी खेळवलेली थंड पाटी. १९८५ च्या क्रे-२ मध्ये तर अख्खी सर्किटं फ्लोरिनर्ट नावाच्या, वीज न वाहणाऱ्या द्रवात बुडवलेली होती. पुढे बायपोलर ट्रान्झिस्टरची जागा कमी वीज खाणाऱ्या सीमॉस प्रकारच्या ट्रान्झिस्टरने घेतली आणि १९९० च्या दशकाच्या मध्यावर आयबीएमच्या मोठ्या यंत्रांतून पाण्याचे पाइप निघाले. मला या इतिहासात सर्वांत विलक्षण वाटतं ते हे, की मोठ्या यंत्रांच्या दालनातून पाणी बाहेर पडलं आणि अवघ्या चार-पाच वर्षांत ते पोरांच्या खोल्यांमध्ये शिरलं. आता ते मोठ्या यंत्रांत परतलंही आहे. पुण्याच्या आयसर संस्थेतल्या परम ब्रह्म या महासंगणकात द्रव थेट चिपवरच्या पाट्यांपर्यंत नेलेला आहे.

खोल्यांमध्ये पाणी आलं ते आधी प्रोसेसरसाठी. १९९८ मध्ये इंटेलचा सेलेरॉन ३००ए निघाला. ३०० मेगाहर्ट्झचा हा स्वस्त प्रोसेसर मदरबोर्डवरचा बस-वेग (प्रोसेसर आणि बाकीच्या भागांमधल्या देवाणघेवाणीचा वेग) ६६ वरून १०० वर नेला की बहुतेकदा ४५० वर बिनतक्रार चाले. आपल्या पैशांत दीडपट वेग मिळतो हे एकदा कळल्यावर लोक पुढे-पुढे रेटू लागले आणि उष्णता आडवी आली. तयार सामान मिळत नव्हतं, म्हणून जे मिळेल ते जोडलं गेलं: मत्स्यालयाचा पंप, तांब्याचा ठोकळा कोरून घरी बनवलेला ब्लॉक (चिपवर टेकणारा आणि आतून पाणी वाहणारा भाग) आणि भंगारातल्या अमेरिकी मोटारीचा हीटर कोअर. मोटारीच्या आतल्या माणसांना ऊब देणारा हा छोटा रेडिएटर पितळ-तांब्याचा असे, स्वस्तात मिळे आणि त्यावर १२० मिलिमीटरचा पंखा बरा बसे.

त्याच काळात काहींनी पीव्हीसीच्या जाड पाइपचे उभे मनोरे बांधले. वरून पाण्याचा फवारा, खालून पंख्याची हवा. थोडं पाणी वाफ होऊन उडतं आणि उरलेलं खोलीपेक्षाही थंड होतं. विदर्भातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही; खिडकीतला वाळ्याचा कूलर याच तत्त्वावर चालतो. कोकणातल्या दमट हवेत तो का चालत नाही हेही आपल्याला ठाऊक आहे, आणि त्या मनोऱ्यांची अडचणही तीच होती. वर रोज पाणी भरा, आत शेवाळ काढा. ही वाट मागे पडली. आज ज्याला वॉटर कूलिंग म्हणतात ते बंद चक्र असतं. त्यातलं पाणी उडत नाही, म्हणून ते खोलीच्या तापमानाखाली कधीच जाऊ शकत नाही. हा फरक ध्यानात न घेतल्याने बऱ्याच जणांच्या अपेक्षा चुकतात.

ग्राफिक्स कार्डं तोवर तापू लागली होती. १९९९ च्या जीफोर्स २५६ वर पंखा आला. २००० मधल्या व्हूडू५ ५५०० ला स्लॉटमधून मिळणारी वीज पुरेना, म्हणून हार्ड डिस्कची चार पिनांची वायर एसएमपीएसमधून, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्यातून, थेट कार्डात आली. २००२ च्या रेडिऑन ९७०० प्रोलाही वेगळी वायर लागली. आणि मग २००३ मध्ये जीफोर्स एफएक्स ५८०० अल्ट्रा. एनव्हिडियाने त्यावर दोन स्लॉट व्यापणारा मोठा कूलर बसवला. मागून हवा ओढायची, तांब्यावरून न्यायची, मागूनच फेकायची. कल्पना चुकीची नव्हती, आज बरीच कार्डं दोन स्लॉटांहून जाड आहेत. पण तो बारका पंखा एवढ्या जोरात किंचाळे की कार्डाला धूळ ओढणाऱ्या यंत्राचं नाव पडलं, आणि खुद्द कंपनीने त्यावर स्वतःची थट्टा करणारी फिल्म काढली. काही महिन्यांतच ५९०० अल्ट्रा आलं. माझ्या मते ग्राफिक्स कार्डाच्या वॉटर कूलिंगचा खरा आरंभ इथे आहे. त्याआधी पाणी वेगासाठी होतं. इथून पुढे ते शांततेसाठीही मागितलं जाऊ लागलं.

उष्णता का वाढत गेली याचं कारण एका नियमात आहे. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी १९७४ मध्ये दाखवलं होतं की ट्रान्झिस्टर लहान करताना त्याचं व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरवता येतं, त्यामुळे एका चौरस मिलिमीटरमागे लागणारी वीज तेवढीच राहते. तीस वर्षं हे चाललं. २००० च्या दशकाच्या मध्यावर व्होल्टेज आणखी उतरेना, कारण बंद ट्रान्झिस्टरमधूनही वीज झिरपू लागली. प्रोसेसर बनवणाऱ्यांनी वेगाची शर्यत थांबवून कोअर, म्हणजे एकाच प्रोसेसरमधली गणना करणारी केंद्रं, वाढवले. ग्राफिक्स चिपचं कामच मुळात हजारो तुकड्यांत वाटता येणारं. तिथे ट्रान्झिस्टर वाढवत न्यायला काही अडसर नव्हता आणि वीजही वाढत गेली. नोव्हेंबर २००६ च्या जीफोर्स ८८०० जीटीएक्समध्ये ६८.१ कोटी ट्रान्झिस्टर होते आणि सहा पिनांच्या दोन वायरी. स्लॉटचे ७५ आणि प्रत्येक वायरचे ७५, अशी २२५ वॉटची सोय. २०२२ च्या आरटीएक्स ४०९० मध्ये ७,६३० कोटी ट्रान्झिस्टर आणि ४५० वॉट.

पाणी इथे का उपयोगी पडतं, हे आकड्यांत बघू. एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला सुमारे ४,१८० जूल लागतात, एक लिटर हवेला जेमतेम १.२. नळीतून मिनिटाला दोन लिटर पाणी वाहत असेल, तर ४५० वॉटच्या कार्डातून जाताना ते फक्त सव्वातीन अंशांनी तापतं. पाणी उष्णता नाहीशी करत नाही, ती उचलून जिथे जागा आहे तिथे नेतं. कार्डावर उष्णता पसरवणारे जेवढे पत्रे बसतील त्याच्या कित्येक पट पृष्ठभाग कॅबिनेटच्या छताला लावलेल्या तीन पंख्यांच्या रेडिएटरमध्ये मिळतो, म्हणून पंखे हळू फिरवता येतात.

दुसरं कारण कमी बोललं जातं. प्रोसेसरच्या चिपवर धातूचं झाकण असतं, आणि खालची चिप फार लहान असते. रायझन ७००० मालिकेतला कोअर असलेला एक तुकडा ७१ चौरस मिलिमीटरचा आहे. तिथून उष्णता बाहेर काढणं हीच अडचण, पुढे पाणी असो की हवा. ४०९० ची चिप ६०८ चौरस मिलिमीटरची आणि उघडी असते, ब्लॉकचं तांबं थेट तिच्यावर टेकतं. म्हणून पाण्याचा जितका फायदा कार्डाला होतो तितका प्रोसेसरला होत नाही. सुरुवात प्रोसेसरपासून झाली खरी, पण आज खर्च एकावरच करायचा असेल तर तो कार्डावर करावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

नागपूर-चंद्रपूरकडच्या उन्हाळ्यात मात्र हिशेब वेगळा. खोलीच ४० अंशांवर असेल आणि रेडिएटर बेताचा असेल, तर पाणी ५० च्या पुढे जातं. पाणी साठ अंशांवर जाऊ देऊ नका असं बहुतेक उत्पादक सांगतात, कारण मग पंप, मऊ नळ्या आणि अ‍ॅक्रिलिकचे भाग सोसत नाहीत. युरोपातल्या २० अंशांच्या खोलीत पुरलेला रेडिएटर इथे एक माप मोठाच घ्यावा.

सामानाचा बाजार युरोप-अमेरिकेत उभा राहिला: अमेरिकेत कूलान्स, जर्मनीत अ‍ॅक्वा कॉम्प्युटर आणि अल्फाकूल, स्लोव्हेनियात ईके, जी अक्षरं संस्थापक एडवार्ड कोनिग यांच्या नावाची आहेत. जोडांसाठी पाव इंची, 'जी' (G) प्रकारचे आटे ठरून गेले. हे नळकामाचंच जुनं ब्रिटिश माप, आपल्या घरातल्या नळांचे आटेही याच घराण्यातले. डी५ नावाचा जो पंप आजही बहुतेक कस्टम लूपमध्ये, म्हणजे सुटे भाग जोडून स्वतः उभारलेल्या चक्रात असतो, तो मूळचा लाइंग कंपनीचा. आटे आणि पंप इतके टिकले की पंधरा वर्षांपूर्वीचा पंप आज घेतलेल्या रेडिएटरला विनासायास जोडता येतो.

ब्लॉकचं तसं झालं नाही, आणि अपग्रेड करणाऱ्याला खरी झळ इथेच लागते. सुरुवातीचे ब्लॉक फक्त चिपवर बसायचे. स्विफ्टेकचा एमसीडब्ल्यू६० घेतला, की कार्ड बदललं तरी स्क्रूच्या पट्ट्या बदलून तोच वापरता येई. मेमरीवर छोटे पत्रे चिकटवायचे, झालं. पण कार्डातले वीज देणारे भागही भयंकर तापू लागले, तेव्हा चिप, मेमरी आणि हे वीज देणारे भाग (व्हीआरएम) अशा सगळ्यांवरून पाणी नेणारे पूर्ण आकाराचे ब्लॉक आले. तापमानाच्या दृष्टीने ते निर्विवाद चांगले. मात्र असा ब्लॉक एकाच पाटीच्या मापाचा असतो. तीच चिप वापरून दुसऱ्या कंपनीने पाटी वेगळी आखली, तर तो बसत नाही, आणि पुढच्या पिढीच्या कार्डावर तर नाहीच नाही. कार्ड विकलं जातं, ब्लॉक उरतो. शेर-दीड शेर उत्तम तांबं आणि त्यात कोरलेल्या केसाएवढ्या खाचा दर दोन-तीन वर्षांनी अडगळीत जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. अनेक कार्डांना चालणारे ब्लॉक हळूहळू बाजारातून विरळ झाले ते व्हायला नको होतं.

मधली एक वाट निघाली होती. २००९ मध्ये कोर्सेअरने डेन्मार्कच्या असेटेककडून बनवून घेतलेला एच५० आणला. पंप आणि ब्लॉक एकाच डबीत, नळ्या कारखान्यातच सीलबंद, पाणी भरणं नाही. तो प्रोसेसरसाठी होता, पण लोकांनी तो ग्राफिक्स कार्डावर केबल बांधायच्या प्लास्टिक पट्ट्यांनी बांधून टाकला. ऑक्टोबर २०१३ मध्ये एएमडीचं आर९ २९०एक्स आलं. मूळ कूलरवर ते ९५ अंशांवर चालायचं, आणि ते तसंच चालावं अशी कंपनीची रचना होती. त्याच सुमारास एनझेडएक्सटीने क्राकेन जी१० ही धातूची चौकट काढली आणि पट्ट्यांची गरज उरली नाही. एप्रिल २०१४ मध्ये एएमडीनेच दोन चिपांचं, ५०० वॉटचं आर९ २९५एक्स२ कारखान्यातून पाण्यासकट दिलं, किंमत १,४९९ डॉलर. २०१५ चं फ्युरी एक्सही पाण्याचंच होतं. कस्टम लूप परवडत नाही त्यांच्यासाठी ही सर्वांत समंजस सोय होती असं मला वाटतं.

वेगाचं गणितही या काळात बदललं. मार्च २०१२ च्या जीटीएक्स ६८० पासून एनव्हिडियाची कार्डं तापमान आणि वीज बघून आपला वेग आपणच ठरवू लागली. कार्ड थंड राहिलं तर वेग काही पायऱ्या वर टिकतो, तापलं तर आपोआप उतरतो. म्हणजे पाणी लावल्यावर हाताने ओव्हरक्लॉक न करताही (म्हणजे वेग स्वतः न वाढवताही) थोडा फायदा मिळतो; पण थोडाच. गेममध्ये तो डोळ्यांना क्वचितच जाणवतो, कानांना मात्र लगेच जाणवतो. फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रं) वाढतील म्हणून कुणी पाण्यावर पैसे घालत असेल, तर त्याने तेच पैसे वरच्या कार्डात घालावेत.

२०२० च्या आरटीएक्स ३०९० ने नवा पेच टाकला. त्याची २४ जीबी मेमरी पाटीच्या दोन्ही अंगांना होती, बारा चिप पुढे आणि बारा मागे. पुढचा ब्लॉक कितीही थंड ठेवला तरी मागच्या चिप तापत राहत, म्हणून मागच्या पत्र्यातूनही पाणी खेळवणारे ब्लॉक काढावे लागले. आणि ५०९० च्या एनव्हिडियाने स्वतः बनवलेल्या आवृत्तीत पाटीच तीन तुकड्यांत आहे: मधोमध चिपची छोटी पाटी, स्लॉटमध्ये जाणारी वेगळी आणि मॉनिटरच्या जोडण्यांची वेगळी. चिपवर उष्णता वाहून नेणाऱ्या नेहमीच्या पेस्टऐवजी द्रवरूप धातू आहे, जो सांडला तर वीज वाहून नेतो आणि अ‍ॅल्युमिनियम खातो. दोन स्लॉटांत ५७५ वॉट हवेवर सांभाळणारं हे कार्ड पाण्यावर न्यायचं, तर आधी हे तीन तुकडे आणि त्यांच्यामधल्या नाजूक जोडण्या सोडवाव्या लागतात. म्हणून ज्याच्या घरी लूप आधीपासून आहे, त्याने नवं कार्ड निवडताना किमतीच्या आधी त्याच पाटीचा ब्लॉक निघाला आहे का ते बघावं, आणि निघाला नसेल तर निघेपर्यंत जुनं कार्ड विकू नये.