टेबल सॉ: नजर पात्याच्या मागच्या बाजूला हवी

टेबल सॉवर, म्हणजे टेबलातून वर आलेल्या गोल फिरत्या पात्याच्या करवतीवर, फळी चिरताना सगळ्यांची नजर पात्याच्या पुढच्या कडेवर असते. दात लाकडात शिरताना दिसतात तिथेच, आणि बोटांची भीतीही तिथलीच. पण या यंत्रावरचे कितीतरी वाईट अपघात सुरू होतात ते पात्याच्या मागच्या अर्ध्या भागात, जिकडे कुणी फारसे बघत नाही.

पाते फिरते कसे, यातच सगळे आले. पुढचे दात वरून खाली येतात. ते फळीला टेबलावर दाबून धरतात आणि थोडे आपल्याकडे ढकलतात. आपण ती पुढे रेटतो आणि काप सरळ चालतो. मागचे दात मात्र टेबलाखालून वर येत असतात. फळी त्यांच्यावर घासली की ते तिला उचलतात. उचललेली फळी पात्याच्या माथ्यावर चढते, आणि माथ्यावरचे दात धावत असतात थेट आपल्या दिशेने. फळी त्यांच्याबरोबर सुटते. सुतारकामात याला किकबॅक म्हणतात.

वेगाचा हिशेब करून बघा. २५४ मिमी व्यासाचे, म्हणजे १० इंची पाते मिनिटाला ४००० फेरे घेत असेल, तर दाताच्या टोकाचा वेग सेकंदाला सुमारे ५३ मीटर पडतो. म्हणजे ताशी १९० किमी. याच्या निम्म्या वेगाने जरी अर्ध्या किलोचा तुकडा उडाला, तरी त्याचा तडाखा दोन किलोचा हातोडा ९ मीटर उंचीवरून पडावा तेवढा असतो. काहीतरी बिनसले हे कळून हात हलेपर्यंत माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. तेवढ्यात ४० दातांच्या पात्याचे साडेसहाशेहून जास्त दात त्या जागेवरून गेलेले असतात. वेळेवर हात मागे घेऊ, हा भरवसा त्यामुळे फुकाचा आहे.

आता फळी मागच्या दातांवर घासतेच कशी? सरळ रेटत नेली तर घासायला नको. इथे लाकडाचा स्वभाव आडवा येतो. झाड वाढताना त्याच्या खोडात ताण साठत जातो: बाहेरचा थर ताणलेला, आतला दाबलेला. वाकून वाढलेल्या झाडात किंवा फांदीत हे आणखी वाढते. पाइनसारखी सूचिपर्णी झाडे वाकाच्या खालच्या बाजूला वेगळ्या प्रकारचे लाकूड तयार करतात, रुंद पानांची झाडे वरच्या बाजूला. भट्टीत घाईने सुकवलेल्या फळीतही हाच प्रकार होतो. बाहेरचा थर आधी सुकून घट्ट होतो, गाभा मागाहून आकसतो आणि दोघांची ओढाताण फळीत कायमची अडकून राहते. बाहेरून फळी सरळसोट दिसते. ती उभी चिरली की हा समतोल मोडतो. कधी दोन्ही पट्ट्या एकमेकींपासून फाकतात, तर कधी एकमेकींकडे झुकून पात्यालाच चिमटीत धरतात. काप जितका लांब, तितका धोका जास्त. चिरलेल्या पट्ट्यांची टोके मिटत चालली आहेत असे दिसले, तर ती फळी जबरदस्तीने पुढे ढकलू नये.

या चिमट्यावरचा उतारा म्हणजे रायव्हिंग नाइफ. पात्यामागे, मागच्या दातांपासून काही मिलिमीटरवर उभी असलेली ही पोलादी पट्टी. तिची जाडी पात्याच्या चकतीपेक्षा जास्त आणि दातांनी पाडलेल्या चिरेपेक्षा जराशी कमी असते. त्यामुळे ती चिरेत अडकत नाही, पण चीर मिटूही देत नाही. पाते वरखाली केले की तीही सोबत सरकते, म्हणून अंतर तेवढेच राहते. बारीक चिरेचे पाते बसवले तर पट्टीही त्याला जुळणारी लागते, नाहीतर फळी तिच्यावर अडून बसते. या यंत्रावरची एकच सुरक्षा निवडायची वेळ आली, तर मी हीच निवडेन.

दुसरे कारण फेन्स, म्हणजे जिला टेकवून फळी सरकवायची ती पात्याच्या शेजारची सरळ पट्टी. तिचे मागचे टोक पात्याकडे अर्धा मिलिमीटर जरी झुकलेले असले, तरी ती फळीला हळूहळू मागच्या दातांवर दाबत जाते. तपासणी सोपी आहे. आधी वीज तोडा. पात्याच्या एका दातावर खूण करा. माइटर गेज, म्हणजे आडव्या कापात फळीला आधार देणारा सरकता भाग, टेबलातल्या एका खाचेतून सरकतो. खुणेचा दात पुढे असताना त्या खाचेपासून त्याचे अंतर मोजा, मग तोच दात फिरवून मागे आणा आणि पुन्हा मोजा. दात तोच घ्यायचा, म्हणजे पात्याचा किंचित वाकडेपणा मोजमापात येत नाही. खाच आणि पाते जुळले की फेन्स त्या खाचेशी समांतर लावा.

किकबॅकचा सगळ्यात दगाबाज प्रकार होतो तो छोट्या, जवळजवळ चौकोनी प्लायवर. असा तुकडा फेन्सला घट्ट टेकून राहत नाही. त्याचा मागचा कोपरा सुटतो, मागच्या दातावर चढतो आणि तुकडा गरगरत उडतो. असा उडालेला तुकडा उलटा करून बघा: खालच्या अंगावर कमानीसारखा कोरलेला ओरखडा दिसतो, सरळ कापापासून निघून बाजूला वळत गेलेला. ती मागच्या दातांची वाट. या वेळी तुकड्यावर टेकलेला तळहातही सोबत ओढला जातो, आणि बोटे कापली जाण्याचे हे एक मोठे कारण आहे. म्हणून फळी ढकलायला काठी, म्हणजे पुश स्टिक, आणि रुंद तुकड्यासाठी दोन हातांनी दाबता येईल असा पुश ब्लॉक. बोटे पात्यापासून १५ सेंमीच्या आत न्यायचीच नाहीत.

पात्याच्या उंचीवरून मात्र जाणकारांत वाद रंगतात. पाते उंच ठेवले की दात जास्त सरळ खाली येतात आणि फळी आपल्याकडे ढकलली जाण्याचा जोर कमी होतो. पण मग उघडे पातेही तेवढेच जास्त. दातांमधल्या खोबणी फळीच्या जरा वर दिसतील एवढी उंची मला रास्त वाटते. भुसाही नीट बाहेर पडतो. फळी आडवी कापताना माइटर गेज आणि फेन्स एकदम वापरू नये, यावर मात्र वाद नाही. कापलेला तुकडा फेन्स आणि पात्याच्या मध्ये सापडतो, तिरका होतो आणि उडतो. चष्मा आणि कानांचे संरक्षण हवेच. सैल बाह्या आणि हातमोजे नकोत, कारण दात कापड पकडून हातच ओढून घेतात.

स्टीफन गॅस या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने १९९९ मध्ये एक वेगळी वाट शोधली. पात्यावर बारीक विद्युत संकेत ठेवायचा. माणसाचे शरीर वीजवाहक, त्यामुळे कातडी टेकताच संकेत बदलतो. त्याच क्षणी ॲल्युमिनियमचा ठोकळा दातांत रुततो, पाते ५ मिलिसेकंदांच्या आत थांबते आणि टेबलाखाली जाते. बोटाऐवजी सॉसेज लावून केलेली त्याची प्रात्यक्षिके गाजली आणि सॉस्टॉप नावाने ही यंत्रे विकली जाऊ लागली. एकदा ब्रेक लागला की ठोकळा बदलावाच लागतो, बहुतेकदा पातेही. पण लाकूड मागच्या दातांवर चढत असेल, तर या यंत्रणेला त्याचा पत्ताही लागत नाही. संकेत बदलतो तो कातडी टेकल्यावर. त्यामुळे सॉस्टॉप असले तरी रायव्हिंग नाइफ काढून ठेवता येत नाही, आणि फळी चिरताना उभे राहायचे ते पात्याच्या रेषेत नव्हे, बाजूला.

काप संपल्यावर मोटर बंद केली तरी पाते काही सेकंद फिरतच राहते. शेजारी पडलेला छोटा तुकडा उचलायचा मोह तेव्हाच होतो. पाते पूर्ण थांबेपर्यंत तो तिथेच राहू द्यावा, आणि मग काठीने सरकवावा.