क्षयरोग: बाजूला पडलेल्या प्रश्नांची गोष्ट

ऑगस्ट २०२३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये झारखंडमधल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चार जिल्ह्यांतल्या २,८०० क्षयरुग्णांच्या घरांतली दहा हजारांहून अधिक माणसं त्यात सहभागी होती. रुग्णांना औषधांबरोबर शिधा दोन्ही गटांत मिळत होता. फरक होता तो घरातल्या बाकीच्यांच्या बाबतीत. एका गटातल्या कुटुंबीयांना दरमहा माणशी पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या गेल्या, दुसऱ्या गटातल्या कुटुंबीयांना हे काही मिळालं नाही. पहिल्या गटात नव्याने क्षय होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी भरलं. फुप्फुसाच्या, म्हणजे इतरांना लागण करू शकणाऱ्या क्षयापुरतं पाहिलं तर ४८ टक्क्यांनी.

अंगात कस नसलेल्या माणसाला क्षय लवकर गाठतो, ही समजूत तर जुनीच. तरी ती अशा रीतसर चाचणीने तपासायला २०१९ साल उजाडलं. औषधांच्या चाचण्या १९४७ पासून चालू आहेत. मधली सत्तर वर्षं अन्नाचा प्रश्न कुठे होता? तो कुणी मुद्दाम दडपला नव्हता. गंमत अशी, की एका फार चांगल्या संशोधनामुळेच तो बाजूला पडला. त्याकडे येण्याआधी थोडं मागे जायला हवं.

क्षय हा घराण्यात असतो, नाजूक प्रकृतीच्या माणसांना होतो, असं युरोपात एकोणिसाव्या शतकात बहुतेक डॉक्टर मानत. १८६५ मध्ये फ्रेंच लष्करी डॉक्टर झाँ-अँत्वान व्हिल्मँ यांनी क्षयरुग्णाच्या शरीरातला अंश सशांना टोचून रोग एकाकडून दुसऱ्याकडे जातो हे दाखवलं. त्यांचं फारसं कुणी ऐकलं नाही. २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी प्रत्यक्ष जंतूच दाखवला, तेव्हा ऐकावं लागलं. मरणाऱ्या दर सात माणसांतला एक क्षयाने मरतो, असा त्या काळचा हिशेब त्यांनी मांडला होता. त्याच निबंधात त्यांनी आणखी एक गोष्ट म्हटली होती: आजवर क्षय हे सामाजिक दैन्याचं फळ मानलं गेलं आणि दैन्य दूर झालं की रोग हटेल अशी आशा धरली गेली, पण यापुढचा लढा अशा संदिग्ध गोष्टीशी नसून एका खऱ्याखुऱ्या परोपजीवीशी आहे. जंतूच्या शोधाचे गोडवे सगळीकडे गायले जातात. मला हे विधानही तितकंच दूरगामी वाटतं, कारण पुढच्या शंभर वर्षांचं संशोधन जवळजवळ याच रुळांवरून गेलं.

स्वतः कॉख यांची पुढची पायरी मात्र फसली. १८९० मध्ये त्यांनी क्षयावर इलाज सापडल्याचं सूचित केलं, त्यातले घटक गुप्त ठेवले आणि बर्लिनमध्ये रुग्णांची रीघ लागली. ट्युबरक्युलिन नावाच्या त्या द्रव्याने रोग बरा झाला नाही, काहींचा उलट बळावला. नंतर क्लेमेन्स फॉन पिर्के आणि शार्ल माँतू यांनी तेच द्रव्य निदानासाठी वापरलं. हाताच्या त्वचेत टोचायची 'माँतू चाचणी' १९०८ पासूनची. या चाचण्यांमुळे एक अनपेक्षित गोष्ट उघड झाली. जंतू अंगात शिरलेली माणसं अगणित, आणि त्यांतली आजारी पडणारी थोडी. आजचा अंदाजही तसाच आहे: जगातल्या सुमारे एक चतुर्थांश लोकांना कधी ना कधी लागण झालेली असते, पण आयुष्यभरात रोग होतो तो त्यांच्यातल्या पाच ते दहा टक्क्यांना. मग हेच का आणि बाकीचे का नाहीत? जंतू पाहून याचं उत्तर मिळत नाही.

हा प्रश्न पुढे ढकलता आला, कारण औषध नसतानाच रोग ओसरत होता. इंग्लंड आणि वेल्समध्ये क्षयाने होणारे मृत्यू स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरचं पहिलं प्रभावी औषध येण्याच्या कितीतरी आधीपासून घटत आले होते. सार्वजनिक आरोग्याचे अभ्यासक थॉमस मकिओन यांनी याचं श्रेय मुख्यतः सुधारलेल्या आहाराला दिलं, तर सायमन श्रेटर यांच्यासारख्या इतिहासकारांनी नगरपालिकांच्या कामाला आणि सार्वजनिक आरोग्याच्या कायद्यांना. तो वाद अजून पुरता मिटलेला नाही. पण त्याच काळात केंब्रिजजवळच्या पापवर्थ गावात एक विलक्षण गोष्ट चालू होती. क्षयरुग्णांना कुटुंबासह तिथे वसवलं होतं, हवेशीर घर होतं, पेलवेल तेवढं काम होतं आणि पोटभर जेवायला मिळत होतं. वसाहतीत जन्मलेली मुलं रुग्णांच्या सहवासातच वाढली. त्यांच्यापैकी पुष्कळांना जंतूंची लागण झाली, तरी आजारी फार थोडी पडली. ही नोंद पुढे कित्येक दशकं कुणी उलगडून पाहिली नाही. २०१२ मध्ये झारखंडच्या अभ्यासामागच्याच काही संशोधकांनी ती पुन्हा उजेडात आणली.

दरम्यान औषधं आली होती. १९४३ मध्ये अमेरिकेत रटगर्स इथे सेल्मन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ यांना स्ट्रेप्टोमायसिन सापडलं. नोबेल मात्र १९५२ मध्ये एकट्या वॅक्समन यांना मिळालं. युद्धानंतरच्या ब्रिटनकडे डॉलर कमी होते, म्हणून औषधही थोडकंच होतं. सगळ्यांना देता येणार नसेल तर कुणाला द्यायचं हे नशिबावर सोडलेलं बरं, या युक्तिवादाने संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी तिथली प्रसिद्ध चाचणी आखली. ५५ रुग्णांना औषध आणि ५२ जणांना नुसती विश्रांती. सहा महिन्यांत पहिल्या गटात ४ दगावले, दुसऱ्यात १४. १९४८ मध्ये छापून आलेला हा निकाल वैद्यकशास्त्रातला मैलाचा दगड मानला जातो. त्याची पुढची बाजू कमी सांगितली जाते. पाच वर्षांनी पाहिलं तेव्हा दोन्ही गटांतले निम्म्याहून अधिक रुग्ण मरण पावले होते आणि दोहोंतला फरक जवळजवळ पुसला गेला होता. एकट्या औषधाला जंतू सरावले होते. औषधं जोडीने द्यायची, हा आजच्या उपचाराचा मूळ नियम या अपयशातून आला. आधी पॅरा-अमिनोसॅलिसिलिक आम्ल आणि मग १९५२ मध्ये आयसोनायझिड आल्यावर तो पाळताही येऊ लागला.

आता ते चांगलं संशोधन. १९५६ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची मेडिकल रिसर्च कौन्सिल यांनी मिळून मद्रासला क्षयरोग केमोथेरपी केंद्र उभारलं. प्रश्न साधा होता: दवाखान्यात खाटा नाहीत, तर घरी औषध दिलं तर चालेल का? वॉलेस फॉक्स यांच्या नेतृत्वाखाली १९३ रुग्णांपैकी निम्म्यांना आरोग्यधामात ठेवलं आणि निम्म्यांना दाटीवाटीच्या घरी. आरोग्यधामात आहार उत्तम होता आणि पूर्ण विश्रांती. घरी दोन्हींची वानवा. वर्षभराने दोन्हीकडे बरे होण्याचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं. घरच्यांनाही जास्त लागण झाली नाही. १९५९ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि पुढच्या काही दशकांत जगभरची क्षयाची आरोग्यधामं ओस पडत गेली. गरीब देशांना उपचार परवडू लागला तो या अभ्यासामुळे. त्याचं मोल कमी लेखायचं काही कारण नाही.

पण निष्कर्षातून वाचणाऱ्यांनी हवं त्याहून जास्त काढलं. मद्रासच्या अभ्यासाने दाखवलं होतं ते एवढंच, की औषधं नियमित घेणाऱ्या रुग्णाचे जंतू जेवण साधं असलं तरी मरतात. निरोगी माणूस आजारी का पडतो, हा त्याचा विषयच नव्हता. 'बरं व्हायला खास आहार लागत नाही' याचं हळूहळू 'क्षयात आहार गौण आहे' असं झालं, आणि आहार हा विषय कार्यक्रमांच्या आराखड्यांतून निघून गेला. पुढे १९७० च्या दशकात रिफाम्पिसिन आणि पायरॅझिनामाइड या औषधांच्या जोरावर दीड-दोन वर्षांचा उपचार सहा महिन्यांवर आला. तेव्हा तर क्षय संपल्यात जमा आहे, गोळ्या पोचवल्या की झालं, अशी हवा झाली.

रुग्ण शोधण्याच्या प्रश्नाचंही असंच झालं. १९३६ मध्ये ब्राझीलच्या मानुएल दि अब्रेऊ यांनी छोट्या फिल्मवर छातीचा एक्स-रे घेण्याची स्वस्त पद्धत काढली आणि गावंच्या गावं तपासणं शक्य झालं. १९५७ मध्ये एकट्या ग्लासगोत पाच आठवड्यांत सात लाखांहून अधिक लोकांचे एक्स-रे निघाले. पण गाड्या, फिल्म, वाचणारे तज्ज्ञ असा सगळा खर्च मोठा होता, आणि दोन तज्ज्ञांचं एकाच फिल्मवर एकमत होईलच असंही नव्हतं. त्यात बंगळूरच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेतल्या देबाबर बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी १९६३ मध्ये दाखवलं, की गावांतले निम्मे क्षयरुग्ण खोकल्याची तक्रार घेऊन आधीच सरकारी दवाखान्यांत जात होते आणि खोकल्याच्या औषधाची बाटली घेऊन परत येत होते. म्हणजे शोधायला दूर जायची गरजच नव्हती, दारात आलेल्याची थुंकी तपासली तरी पुरे. १९७४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने सरसकट एक्स-रे मोहिमा थांबवायला सांगितलं. त्या वेळच्या साधनांचा विचार करता तो सल्ला चुकीचा म्हणवत नाही. पण बॅनर्जी-अँडरसन यांच्या अभ्यासातले उरलेले निम्मे, जे दवाखान्यात गेलेच नव्हते, ते मात्र सगळ्यांच्या नजरेआड झाले.

क्षयतज्ज्ञ कारेल स्टिब्लो यांनी टांझानियात १९७० च्या दशकाच्या अखेरीस घडवलेली पद्धत या सगळ्याचं सार होती: सूक्ष्मदर्शकाखाली थुंकी, ठरलेली औषधं, देखरेखीखाली गोळ्या आणि पक्क्या नोंदी. १९९३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने क्षयाला जागतिक आणीबाणी म्हटलं आणि हीच पद्धत 'डॉट्स' या नावाने देशोदेशी गेली. तिने लाखो जीव वाचवले. पण थुंकी तपासणीत क्षयाचे सुमारे निम्मे रुग्ण सुटतात, आणि लहान मुलं व एचआयव्हीबाधित यांच्यात त्याहून जास्त. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयासाठी तर तिच्यात जागाच नव्हती. असा क्षय गरीब देशांत बरा करणं परवडणार नाही, असं तेव्हा जाणकारही म्हणत. पॉल फार्मर आणि जिम योंग किम या अमेरिकी डॉक्टरांच्या गटाने पेरूमधल्या लिमाच्या वस्त्यांत १९९० च्या दशकात ते करून दाखवलं. २००६ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या तुगेला फेरी इथली बातमी आली. जवळजवळ सर्व औषधांना पुरून उरलेल्या क्षयाच्या ५३ रुग्णांपैकी ५२ मेले होते. मग मात्र सगळे जागे झाले. २०१० मध्ये दोन तासांत जंतू आणि रिफाम्पिसिनचा प्रतिरोध दोन्ही सांगणाऱ्या जीनएक्स्पर्ट या यंत्राला मान्यता मिळाली. २०१२ मध्ये बेडाक्विलिन आलं, क्षयासाठी नव्या गटाचं औषध मिळायला चाळीसहून अधिक वर्षं लागली. २०२२ पासून प्रतिरोधी क्षयालाही सहा महिन्यांचा, पूर्ण तोंडावाटे घ्यायचा उपचार सुचवला जातो. आधी हाच उपचार दीड-दोन वर्षं चाले, रोजची इंजेक्शनं असत आणि अनेकांची श्रवणशक्ती कायमची जाई.

तपासणीचा बाजूला ठेवलेला प्रश्न परत आला तो पाहण्यांमधून. घरोघरी जाऊन केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणांत ठिकठिकाणी असं दिसलं, की ज्यांच्या थुंकीत जंतू सापडले त्यांतल्या साधारण निम्म्यांना खोकलाच नव्हता, निदान त्यांनी तो सांगितला नाही. भारताच्या २०१९ ते २०२१ च्या सर्वेक्षणात एक्स-रे काढला नसता तर ४२.६ टक्के रुग्ण निसटले असते. खोकला सुरू झाल्यावर दवाखान्यात येणाऱ्याची वाट पाहणं, हा डॉट्सचा पायाच इथे डळमळतो. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एक्स-रे वाचणाऱ्या संगणक प्रणालींना मान्यता दिली, त्यामुळे १९७४ ची तज्ज्ञांची अडचण बरीचशी सुटली. व्हिएतनामच्या का माऊ प्रांतात तर एक्स-रेही न घेता, लक्षणं न विचारता, प्रौढांची थुंकी सलग तीन वर्षं दरवर्षी जीनएक्स्पर्टवर तपासली. चौथ्या वर्षी तिथे क्षयाचं प्रमाण इतर गावांपेक्षा ४४ टक्क्यांनी कमी होतं. अर्थात धडधाकट माणसांच्या तपासण्यांत खोटे 'पॉझिटिव्ह'ही येतात, आणि लक्षणं नसलेल्या क्षयाला किती दिवस, कोणती औषधं द्यायची यावर एकमत नाही. काहींचा रोग आपोआपही मागे हटतो. या भागात पुढची काही वर्षं भांडणं होणार, आणि ती व्हायलाही हवीत.

लसीबद्दल थोडक्यातच. बीसीजी १९२१ पासून दिली जाते, मुलांना मेंदूच्या क्षयापासून वाचवते, पण चेंगलपट्टूच्या भल्यामोठ्या चाचणीत मोठ्या माणसांच्या फुप्फुसाच्या क्षयावर तिचा उपयोग दिसला नाही. एम७२ या नव्या लसीने आधीच्या टप्प्यात सुमारे ५० टक्के संरक्षण दाखवलं होतं. तिची मोठी चाचणी २०२४ मध्ये सुरू झाली.

आणि कारणांचा प्रश्न? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये १ कोटी ८ लाख लोकांना क्षय झाला, साडेबारा लाख मरण पावले. अहवालात पाच कारणं ठळकपणे मांडली आहेत: कुपोषण, दारू, धूम्रपान, एचआयव्ही आणि मधुमेह. यांतलं पहिलं सर्वांत मोठं. ब्राझीलमध्ये गरीब कुटुंबांना रोख रक्कम देणाऱ्या 'बोल्सा फामिलिया' योजनेच्या नोंदी क्षयाच्या नोंदींशी जुळवल्या, तेव्हा लाभार्थ्यांमध्ये रोग आणि मृत्यू दोन्ही कमी आढळले, सर्वांत जास्त घट अतिगरीब आणि आदिवासी लोकांत. ही चिठ्ठ्या टाकून गट पाडलेली चाचणी नव्हे, त्यामुळे पुरावा म्हणून तिचं वजन झारखंडच्या अभ्यासाइतकं नाही. पण असा पुरावा देणारी योजना आरोग्य खात्याची नव्हती, आणि अडचण तिथेच आहे. गोळ्या आणि यंत्रं क्षय कार्यक्रमाच्या अंदाजपत्रकात बसतात. तांदूळ आणि डाळ, किंवा हातात मिळणारी रक्कम, दुसऱ्याच खात्याच्या हिशेबात असते, आणि त्या खात्याला क्षयाचे आकडे कुणी विचारत नाही.