डॉक्युमेंट्सचा नवा पत्ता

सी ड्राइव्ह भरत आला की बरेच जण डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स डी ड्राइव्हवर हलवतात. पुढे कधी नवी डिस्क जोडली जाते, डी चं ई होतं, आणि डॉक्युमेंट्सवर क्लिक केलं की ही जागा उपलब्ध नाही असा संदेश येतो. लग्नाचे फोटो, मुलांचे दाखले, सगळं गेलं असं वाटून पोटात गोळा येतो. अशा वेळी कळकळीची विनंती आहे : काहीही डिलीट करू नका, विंडोज नव्यानं टाकू नका. फाइली बहुतेक वेळा डिस्कवर शाबूत असतात. चुकलेला असतो तो त्यांचा पत्ता.

हा पत्ता रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोज आपल्या सेटिंग्ज जिथे साठवतं त्या कोशात असतो. प्रत्येक वापरकर्त्यासाठी तिथे ‘यूजर शेल फोल्डर्स’ नावाची नोंदवही आहे. तिच्यात डॉक्युमेंट्स शोधाल तर सापडणार नाही, कारण त्याची नोंद ‘पर्सनल’ या जुन्या नावानं आहे. डाउनलोड्सला तर नावही नाही, १२८ बिटांचा लांबलचक ओळखक्रमांक आहे. शेजारीच ‘शेल फोल्डर्स’ नावाची दुसरी वही दिसते. ती जुन्या प्रोग्रामांसाठी ठेवलेली आहे आणि ही वापरू नका अशी सूचना खुद्द विंडोजनंच तिच्यात लिहून ठेवली आहे. तिला हात लावू नये.

बहुतेकांना रजिस्ट्रीपर्यंत जावंच लागत नाही. डॉक्युमेंट्सवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमधल्या ‘लोकेशन’ टॅबवर खरा पत्ता द्यायचा. मात्र नुसतं डी ड्राइव्ह असं कधीही देऊ नका. तसं केलं की अख्खा ड्राइव्हच डॉक्युमेंट्स होऊन बसतो आणि मग मागे फिरणं अवघड जातं. आत वेगळा फोल्डर आधी तयार करावा.

दुसरी गुंतागुंत जंक्शनची. जंक्शन म्हणजे फोल्डरसारखा दिसणारा, पण दुसऱ्याच फोल्डरकडे नेणारा दुवा. २००७ मध्ये विंडोज व्हिस्टा आलं तेव्हा ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’ची जागा ‘यूजर्स’नं घेतली. जुने प्रोग्राम अडू नयेत म्हणून जुन्या नावांची जंक्शनं ठेवली गेली. ती उघडायला गेलं तर परवानगी नाकारली जाते. हा बिघाड नव्हे. ‘लोकल’ फोल्डरमधलं ‘ॲप्लिकेशन डेटा’ हे जंक्शन पुन्हा ‘लोकल’कडेच नेतं, त्यामुळे ते उघडं असतं तर बॅकअपचा प्रोग्राम गोल गोल फिरत राहिला असता.

जंक्शनमध्ये संपूर्ण पत्ता कोरलेला असतो. मूळ फोल्डर हलला तरी ते जुन्याच जागेकडे बोट दाखवतं. कमांड प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, ‘डीआयआर’ या यादी दाखवणाऱ्या आज्ञेला ‘एएल’ हा पर्याय (dir /al) जोडला की अशी जंक्शनं आणि त्यांची लक्ष्यं दिसतात. स्वतः तयार केलेलं जंक्शन चुकलं असेल तर ‘आरडी’नं काढावं आणि ‘एमकेलिंक’ला ‘जे’ पर्याय (mklink /j) देऊन नवं करावं. ‘डीईएल’ वापरू नका, कारण ते जंक्शनपलीकडच्या खऱ्या फाइलींवर चालतं.

सर्वांत चिवट प्रकार म्हणजे डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्सना चुकून एकच पत्ता दिला जाणं. मग लोकेशन टॅबही हलवायला नकार देतो. तेव्हा मात्र रजिस्ट्रीची प्रत काढून ठेवावी, ‘यूजर शेल फोल्डर्स’मध्ये दोघांचे पत्ते वेगळे करावेत, साइन आउट करून परत यावं आणि फोटो हातानं वेगळे करावेत.