विगनचे तीन स्पॅनिश आणि मार्टिनेझची खालच्या श्रेणीतली बारा वर्षं

जून २०२५ मध्ये म्युनिकला पोर्तुगालने स्पेनला पेनल्टींवर हरवून नेशन्स लीग जिंकली. पोर्तुगालचे प्रशिक्षक रॉबर्टो मार्टिनेझ स्वतः स्पॅनिश. त्याआधी याच मार्टिनेझनी बेल्जियमला २०१८ च्या विश्वचषकात तिसरं स्थान मिळवून दिलं होतं आणि त्याच्याही आधी इंग्लंडमधल्या विगनसारख्या छोट्या क्लबला एफए कप ही तिथली मानाची स्पर्धा जिंकून दिली होती. प्रशिक्षक म्हणून ते सगळ्यांना माहीत आहेत. खेळाडू मार्टिनेझ मात्र फारसा कुणाला आठवत नाही, कारण हा खेळाडू इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये एकही सामना खेळला नाही. स्पेनच्या पहिल्या श्रेणीतही त्याच्या नावावर एकच सामना आहे. त्याची कारकीर्द बहुतेक सगळी इंग्लिश फुटबॉलच्या तिसऱ्या-चौथ्या श्रेणीत गेली, आणि मला वाटतं त्यांच्या प्रशिक्षकपदाची मुळं तिथेच शोधायला हवीत.

इंग्लंडची रचना आधी सांगतो. वर प्रीमियर लीगचे २० क्लब. त्याखाली ७२ क्लब, प्रत्येकी २४ च्या तीन श्रेणींमध्ये. या तिन्ही श्रेणींत प्रत्येक संघ हंगामात ४६ लीग सामने खेळतो. शनिवारी सामना, पुन्हा मंगळवारी रात्री सामना, आणि हिवाळ्यात चिखल. १९९५ मध्ये या तीन श्रेणींना फर्स्ट, सेकंड आणि थर्ड डिव्हिजन म्हणत. म्हणजे ‘थर्ड डिव्हिजन’ ही प्रत्यक्षात चौथी श्रेणी. २००४ मध्ये नावं बदलून चॅम्पियनशिप, लीग वन, लीग टू झाली. चौथ्या श्रेणीच्या तळाला गेलं की पदावनती थेट लीगच्या बाहेर.

या जगात स्पॅनिश माणूस पहिल्यांदा आला तो स्पेनमधल्या यादवी युद्धामुळे. एप्रिल १९३७ मध्ये उत्तर स्पेनच्या बास्क भागातल्या गेर्निकावर बॉम्बवर्षाव झाला. मे महिन्यात बिल्बाओजवळच्या बंदरातून ‘हबाना’ नावाचं जहाज सुमारे ४,००० बास्क मुलांना घेऊन साउथॅम्प्टनला पोहोचलं. आईवडील मागेच राहिले होते. छावण्यांमध्ये, मग ठिकठिकाणच्या वसतिगृहांमध्ये वाढलेल्या या मुलांतून काही फुटबॉलपटू निघाले. एमिलियो अल्देकोआ दुसऱ्या महायुद्धाच्या काळात वुल्व्हजकडून आणि नंतर कॉव्हेंट्रीकडून खेळला. इंग्लिश फुटबॉल लीगमध्ये खेळलेला पहिला स्पॅनिश तोच मानला जातो. पुढे तो मायदेशी परतला, स्पेनच्या राष्ट्रीय संघाकडून खेळला आणि बार्सिलोनापर्यंत पोहोचला. साबिनो बारिनागा साउथॅम्प्टनमध्ये तयार झाला आणि परत जाऊन रेआल माद्रिदचा मोठा गोलकर्ता ठरला. होसे गालेगो मात्र इंग्लंडमध्येच राहिला. ब्रेंटफर्ड, साउथॅम्प्टन आणि मग नुकताच लीगमध्ये आलेला कोलचेस्टर, असा त्याचा प्रवास झाला. ‘इंग्लंडच्या खालच्या श्रेणीत खेळणारा स्पॅनिश’ हे वर्णन ज्याला पहिल्यांदा नीट लागू पडतं तो गालेगो. त्याचं नाव आज फार थोड्यांना ठाऊक आहे, याचं मला वाईट वाटतं.

ही मुलं इंग्लंडमध्ये राहत होती म्हणून त्यांना खेळता आलं. बाहेरून खेळाडू आणणं जवळपास अशक्य होतं, कारण १९३१ पासून परदेशी व्यावसायिक खेळाडूला आधी दोन वर्षं इंग्लंडमध्ये राहण्याची अट होती. युरोपीय समुदायाच्या दबावाने ती १९७८ मध्ये गेली आणि त्याच उन्हाळ्यात टॉटनहॅमने अर्जेंटिनाचे आर्दिलेस आणि विया यांना आणलं. स्पेन १९८६ मध्ये युरोपीय समुदायात आला. तरी स्पॅनिश खेळाडू इंग्लंडकडे फारसे वळले नाहीत. नायीम १९८८ मध्ये बार्सिलोनाहून टॉटनहॅमला आला, पण तो वरच्या श्रेणीत. चौथ्या श्रेणीत एखाद्या स्पॅनिश खेळाडूने स्वतःहून यावं, असं काही कारणच तेव्हा नव्हतं.

ते कारण डेव्ह व्हेलनने निर्माण केलं. व्हेलन हा ब्लॅकबर्नचा जुना बचावपटू. १९६० च्या एफए कपच्या अंतिम सामन्यात त्याचा पाय मोडला आणि मोठं फुटबॉल तिथेच संपलं. पुढे बाजारातल्या गाळ्यापासून सुरुवात करून त्याने ‘जेजेबी स्पोर्ट्स’ ही क्रीडासाहित्याच्या दुकानांची मोठी साखळी उभी केली. १९९५ मध्ये त्याने विगन अ‍ॅथलेटिक विकत घेतला आणि दहा वर्षांत प्रीमियर लीगमध्ये नेतो, असं जाहीर केलं. विगन हे रग्बी लीगचं गाव. तिथला रग्बी संघ देशात गाजत होता. फुटबॉल क्लबला लीगमध्ये प्रवेशच १९७८ मध्ये मिळाला होता, मैदान जुनाट आणि संघ चौथ्या श्रेणीच्या खालच्या अर्ध्यात. अशा ठिकाणी व्हेलनने त्या उन्हाळ्यात स्पेनहून तीन तरुण आणले. रॉबर्टो मार्टिनेझ, हेसुस सेबा आणि इसिद्रो दियाझ.

मार्टिनेझ तेव्हा बावीस वर्षांचा होता. कॅटलोनियातल्या येइदा प्रांतातलं बालागेर हे त्याचं गाव. वडीलही फुटबॉलपटू, घरचं चपलाबुटांचं दुकान. सोळाव्या वर्षी तो झारागोझाच्या अकादमीत गेला, १९९३ मध्ये पहिल्या संघाकडून ला लीगाचा तो एकमेव सामना खेळला आणि नंतर गावच्या छोट्या क्लबकडे परतला. सोबत फिजिओथेरपीचं शिक्षण चालू होतं. म्हणजे विगनचं बोलावणं आलं तेव्हा त्याच्यासमोर दोनच वाटा होत्या: स्पेनच्या खालच्या लीगमध्ये हळूहळू विरून जायचं किंवा काहीच ठाऊक नसलेल्या गावात जायचं. गंमत म्हणजे त्याच मे महिन्यात झारागोझाने पॅरिसमध्ये आर्सेनलला हरवून कप विनर्स कप जिंकला होता, आणि शेवटच्या मिनिटाचा तो अफाट लांबचा गोल नायीमचा होता. झारागोझा युरोपात चमकत असताना तिथे घडलेला मुलगा इंग्लंडच्या चौथ्या श्रेणीकडे निघाला होता.

तिघे विगनमध्ये एकाच घरात राहत. गावाने त्यांना ‘थ्री अमिगोज’, म्हणजे तीन मित्र, म्हणायला सुरुवात केली. प्रेक्षक मोठ्या काठाच्या सोंब्रेरो टोप्या घालून येऊ लागले. सोंब्रेरो मेक्सिकोची, पण कुणाला त्याची पर्वा नव्हती. हेसुस म्हणजे येशू, त्यामुळे सेबाच्या नावावरून येशू विगनचा असल्याचे फलक लागले. यात थोडा तमाशा होता हे खरं, आणि व्हेलनला तिकिटं विकायची होती हेही खरं. पण मार्टिनेझने पहिल्याच हंगामात आपली जागा कमावली. १९९५-९६ मध्ये तो क्लबचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला आणि त्या श्रेणीतल्या खेळाडूंनी निवडलेल्या वर्षाच्या सर्वोत्तम संघात त्याचं नाव आलं.

हे लक्षात घेण्यासारखं आहे, कारण त्या काळी चौथ्या श्रेणीचं फुटबॉल त्याच्यासारख्या खेळाडूसाठी नव्हतंच. चेंडू गोलरक्षकाकडून थेट पुढे जायचा. मधल्या फळीतल्या खेळाडूचं काम खाली पडणाऱ्या चेंडूसाठी झुंजायचं आणि तो पुन्हा पुढे मारायचा. मार्टिनेझ वेगवान नव्हता, धिप्पाडही नव्हता. त्याला चेंडू पायात हवा असे, मान वर करून तो पास देई. सहा हंगाम तो विगनमध्ये टिकला तो दोन्ही शिकून: स्वतःचा खेळ सोडला नाही आणि झुंजायलाही शिकला. शिवाय मँचेस्टरमध्ये व्यवस्थापनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रमही पूर्ण केला.

दुसऱ्या हंगामात, १९९६-९७ मध्ये, विगन चौथ्या श्रेणीचा विजेता झाला. फुलहॅम आणि विगन दोघांचे ८७ गुण. फुलहॅमचा गोलफरक (केलेले गोल वजा खाल्लेले गोल) एकाने सरस होता, पण त्या वेळी फुटबॉल लीगमध्ये गुण समान असतील तर आधी एकूण केलेले गोल मोजत. विगनचे ८४, फुलहॅमचे ७२. जेतेपद विगनला. जास्त गोल करणाऱ्याला बक्षीस देणारा तो नियम मला आजही गोलफरकापेक्षा न्याय्य वाटतो.

तिघांची साथ मात्र लवकर सुटली. सेबा लवकरच स्पेनला परतला, इसिद्रो १९९७ मध्ये वुल्व्हजकडे गेला. मार्टिनेझ २००१ पर्यंत राहिला. मग स्कॉटलंडमध्ये मदरवेल. तिथे वर्षभरातच क्लब आर्थिक संकटात सापडला, प्रशासकाच्या ताब्यात गेला आणि बऱ्याच खेळाडूंना काढून टाकण्यात आलं. मग वॉल्सॉल, जेमतेम काही सामने. २००३ च्या सुरुवातीला त्याला स्वॉन्झी सिटीने घेतलं तेव्हा तो तिशीला टेकला होता.

स्वॉन्झी वेल्समध्ये आहे, पण क्लब इंग्लिश लीगमध्येच खेळतो. त्या वेळी तो चौथ्या श्रेणीच्या तळाशी होता. मालकी वाईट हातांत गेल्यावर समर्थकांनी ट्रस्ट उभारून क्लब वाचवण्यात हातभार लावला होता, पण लीगमधलं स्थान अजून वाचायचं होतं. नेमकं त्याच हंगामापासून एकाऐवजी दोन संघ लीगबाहेर जाणार होते. ३ मे २००३, शेवटचा दिवस, वेच फील्डचं जुनं मैदान, समोर हल सिटी. स्वॉन्झी पिछाडीवरून ४-२ ने जिंकला, जेम्स थॉमसने तीन गोल केले. एक्सेटरला मात्र आपला सामना जिंकूनही लीगबाहेर जावं लागलं. त्या दिवशी स्वॉन्झी हरला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं, असं स्वॉन्झीचे लोक आजही म्हणतात, आणि त्यात अतिशयोक्ती नाही.

मार्टिनेझ स्वॉन्झीचा कप्तान झाला. २००५ मध्ये संघाला बढती मिळाली. २००६ मध्ये लीग वनमधून बढतीसाठीच्या प्ले-ऑफच्या अंतिम सामन्यात बार्न्सलीकडून पेनल्टींवर पराभव झाला आणि त्या उन्हाळ्यात त्याला मोकळं करण्यात आलं. तो पुन्हा चौथ्या श्रेणीत, चेस्टर सिटीकडे गेला. तिथे खेळत असतानाच फेब्रुवारी २००७ मध्ये स्वॉन्झीने फोन करून थेट प्रशिक्षकपद देऊ केलं. वय तेहतीस, प्रशिक्षकाचा अनुभव शून्य.

इथून पुढचा भाग सगळ्यांना माहीत आहे असं आपण धरून चालतो, पण त्यातली पहिली दोन वर्षं पुरेशी पाहिली जात नाहीत. नव्या प्रशिक्षकाने खेळाडू आणले ते स्पेनच्या ‘सेगुंदा बी’सारख्या ठिकाणांहून, जिथून इंग्लंडमधलं कुणी खेळाडू शोधत नव्हतं. सेगुंदा बी ही तेव्हा स्पेनची तिसरी श्रेणी: चार गट, सुमारे ८० संघ, कौशल्य भरपूर, पगार अनिश्चित. तिथल्या टेरासा क्लबमधून आंजेल रांगेल हा उजव्या बाजूचा बचावपटू अगदी किरकोळ रकमेत आला. ग्येम बाउझा आणि आंद्रेआ ओर्लांदी आले. २००७-०८ मध्ये स्वॉन्झीने ९२ गुणांनी लीग वन जिंकली, दुसऱ्या क्रमांकाच्या नॉटिंगहॅम फॉरेस्टपेक्षा तब्बल १० गुणांनी पुढे.

या यशाचं श्रेय ‘स्पॅनिश शैली’ला देण्याची सवय आहे. मला ते अर्धंच पटतं. २००४ मध्ये स्पॅनिश प्रशिक्षक राफा बेनितेझ लिव्हरपूलला आले आणि त्यानंतर इंग्लंडला स्पॅनिश फुटबॉलचं वेड लागलं, पण तिथे पैसा होता, झाबी आलोन्सोसारखा खेळाडू होता. लीग वनमध्ये छोटे पास देत खेळायचं तर कुठल्या मैदानावर ते चालेल, जानेवारीत खेळाडूंचे पाय कधी जड होतात, प्रतिस्पर्धी बचावपटू कशाला घाबरतो, हे अंगात मुरलेलं असावं लागतं. मार्टिनेझला ते पुस्तकातून मिळालेलं नव्हतं. बारापैकी बहुतेक वर्षं त्याच श्रेणींमध्ये स्वतः लाथा खाल्ल्यामुळे त्याला ठाऊक होतं की कुठला स्पॅनिश खेळाडू इथे टिकेल आणि कुठला ऑक्टोबरमध्येच घरी जायचं म्हणेल.

रांगेल टिकला. स्वॉन्झीसोबत तो तिसऱ्या श्रेणीतून दुसऱ्या श्रेणीत गेला, मे २०११ मध्ये वेम्बलीवर रेडिंगला ४-२ हरवून प्रीमियर लीगमध्ये पोहोचला आणि २०१३ मध्ये लीग कप जिंकणाऱ्या संघातही होता. एकाच क्लबसोबत अकरा वर्षं, २०१८ पर्यंत. एका परदेशी खेळाडूने एकाच जर्सीत इतक्या पायऱ्या चढल्याची उदाहरणं फार नाहीत. त्याचा जुना सहकारी ओर्लांदी २०१८ मध्ये भारतात आला आणि इंडियन सुपर लीगमध्ये चेन्नईयनकडून खेळला. एफसी गोवा तेव्हा प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा आणि आघाडीचा खेळाडू कोरो यांच्यामुळे ‘आपल्या स्पॅनिशांचा’ संघ झाला होता. ओर्लांदीचा प्रवास लीग वनमधून झाला होता हे मात्र आपल्याकडे कमीच लिहिलं गेलं.

मार्टिनेझ २००९ मध्ये प्रशिक्षक म्हणून विगनला परतले. व्हेलनने दिलेला शब्द तोवर खरा झाला होता. बरोबर दहा वर्षांत, २००५ मध्ये, क्लब प्रीमियर लीगमध्ये पोहोचला होता. ११ मे २०१३ ला विगनने बेन वॉटसनच्या भरपाई वेळेतल्या हेडरवर मँचेस्टर सिटीला हरवून एफए कप जिंकला. संघात जोएल रोब्लेस आणि जॉर्डी गोमेझ हे दोन स्पॅनिश होते. तीनच दिवसांनी आर्सेनलकडून हरून त्याच संघाची पदावनती झाली.

स्पॅनिश खेळाडूंची खालच्या श्रेणींकडे जाणारी वाट त्यानंतर काही वर्षं रुंद राहिली. कारण स्पेनमध्येच होतं. २००८ च्या आर्थिक संकटानंतर अनेक क्लब पगार देईनासे झाले आणि ऑगस्ट २०११ मध्ये खेळाडूंच्या संघटनेने थकबाकीसाठी संप करून लीगची पहिली फेरीच रोखली. लीग टूमध्ये पगार मोठा नसला तरी महिन्याच्या महिन्याला मिळतो, आणि चौथ्या श्रेणीच्या सामन्यालाही हजारो माणसं येतात. सेगुंदा बीच्या खेळाडूला हे आकर्षण पुरेसं होतं.

ब्रेक्झिटने हे थांबवलं. १ जानेवारी २०२१ पासून युरोपीय खेळाडूलाही गुणांवर आधारित परवानगी लागते. राष्ट्रीय संघाचे सामने, आधीच्या लीगचा दर्जा, तिथे मैदानावर घालवलेला वेळ, यावर गुण मिळतात. २०२३ पासून नियम थोडा सैल झाला: गुण कमी पडणारे मोजके खेळाडू आणता येतात, प्रीमियर लीग आणि चॅम्पियनशिपच्या क्लबना जास्तीत जास्त चार, लीग वन आणि लीग टूच्या क्लबना जास्तीत जास्त दोन. बालागेरसारख्या क्लबमधून, ला लीगाच्या एकाच सामन्याच्या जोरावर आज कुणी चौथ्या श्रेणीत यायचं म्हटलं, तर त्याला गुणांवर परवानगी मिळणार नाही. त्या दोन जागांपैकी एक एखाद्या क्लबने त्याच्यासाठी खर्च करावी लागेल.